टॅपिर

स्तनि-वर्गातील विषमखुरी गणाच्या टॅपिरिडी कुलातील शाकाहारी, वनवासी प्राणी. घोडा, गेंडा व टॅपिर या तिघांची कुले मिळूनच आज हा गण उरला आहे. ओझरते पाहणाऱ्याला टॅपिर मोठ्या डुकरासारखा वाटतो आणि नाकाच्या आखूड सोंडेमुळे त्यात हत्तीचाही भास होतो. परंतु या दोहोंशी त्याचे जवळचे नाते नाही. असा घोटाळा जाणकारांचाही झालेला आहे. लिनीअस यांनी १७५८ मध्ये दक्षिण अमेरिकेतील टॅपिराचे वर्गीकरण ‘जमिनीवरील पाणघोडा’ अशा अर्थाच्या नावाने केले होते. थाई भाषेत त्याला ‘प्सोम-सेट’ म्हणजे ‘मिश्रण पुरे झाले’ असे म्हणतात. इतर प्राणी घडवून झाल्यावर उरलेल्या तुकड्यांतून हा घडविला गेला, अशी त्यामागील लोककल्पना आहे. भारतात हा प्राणी आढळत नसल्याने मराठीत त्याला स्वतंत्र नाव नाही. टॅपिर हा शब्द ब्राझीलमधील तुपी भाषेतून यूरोपीय भाषांमार्फत सर्वत्र पसरला आहे.

या कुलात टॅपिरस हा एकच वंश सामान्यतः मानला जातो व त्याच्या चार जाती सर्वमान्य आहेत. सपाट प्रदेशातील टॅपिर (टॅपिरस टेरेस्ट्रिस) हा दक्षिण अमेरिकेत कोलंबिया व व्हेनेझुएलापासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत आढळतो. ॲमेझॉन वनांतील तो सर्वांत मोठा स्थलचर सस्तन प्राणी होय. बेअर्ड टॅपिर (टॅ. बेअर्डी) दक्षिण मेक्सिकोपासून मध्य अमेरिकेतून वायव्य कोलंबियापर्यंत पसरलेला असून तो बेलीझ देशाचा राष्ट्रीय प्राणी आहे. पर्वतीय टॅपिर (टॅ. पिंचाक) कोलंबिया, इक्वादोर व उत्तर पेरूमधील अँडीज पर्वतांत सु. २,००० ते ४,५०० मी. उंचीवर राहतो. चौथी जाती मलायी टॅपिर (टॅ. इंडिकस) ही एकटीच आशियात असून ती दक्षिण म्यानमार, थायलंड, मलाया द्वीपकल्प व सुमात्रा येथे आढळते. २०१३ मध्ये ॲमेझॉन खोऱ्यातून टॅ. कबोमानी या पाचव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले. पण बहुतेक तज्ज्ञ तिचा समावेश टॅ. टेरेस्ट्रिस या जातीतच करतात.

तीन जाती अमेरिकेत आणि एक जाती प्रशांत महासागरापलीकडे, अशा या तुटक प्रसाराचे कारण जीवाश्मांवरून कळते. टॅपिरांचे पूर्वज तृतीय कल्पात उत्तर अमेरिका, यूरोप व आशिया या तिन्ही खंडांच्या वनांत होते. आशियाई व अमेरिकी शाखा एकमेकींपासून दोन ते तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असाव्यात. दक्षिण अमेरिकेत टॅपिर मुळात नव्हतेच. पनामाच्या संयोगभूमीने दोन्ही अमेरिका सु. ३० लक्ष वर्षांपूर्वी जोडल्या गेल्यावर ते उत्तरेकडून तेथे उतरले. पुढे हिमकालाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेतील टॅपिर नष्ट झाले, यूरोपातील त्यापूर्वीच गेले होते, आणि मूळ घरे ओस पडून दोन टोकांचे आश्रयस्थान तेवढे राहिले. या इतिहासाच्या अगदी आरंभीचा एक दुवा आपल्या शेजारी सापडला आहे. गुजरातमधील सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीत सु. साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत कँबेथेरियम या विषमखुरी गणाच्या निकटवर्ती प्राण्याचे विपुल अवशेष मिळाले. त्याच खाणीतील, टॅपिरांच्या दूरच्या आप्तांपैकी एका छोट्या प्राण्याचे वर्णन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. विषमखुरी गणाचा उगमच भारतीय भूखंडावर, तो आशियाला येऊन भिडण्यापूर्वी झाला असावा, असे मत या शोधांच्या आधारे मांडले जाते. ते अद्याप निर्विवाद नाही.

मलायी टॅपिर विज्ञानाला परिचित झाला तोही भारतातच, ही गोष्ट फारशी ठाऊक नसते. फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ झॉर्झ क्यूव्ह्ये यांनी १८१२ मध्ये असे प्रतिपादिले होते की, मोठ्या चतुष्पाद प्राण्यांच्या नव्या जाती सापडण्याची आता फारशी आशा नाही. मलाक्का येथील ब्रिटिश अधिकारी विल्यम फार्कर यांनी लवकरच या प्राण्याची माहिती कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे धाडली. सुमात्रातून आणलेला एक जिवंत टॅपिर कलकत्त्याजवळ बराकपूर येथे गव्हर्नर जनरलांच्या प्राणिसंग्रहात होता. क्यूव्ह्ये यांचाच शिष्य प्येअर मेदार द्यार याने तो तेथे पाहिला व त्याचे चित्र पॅरिसला पाठविले. त्यावरून १८१९ मध्ये या जातीचे शास्त्रीय नामकरण झाले. सु. ३०० किग्रॅ. वजनाचा, अर्धा काळा व अर्धा पांढरा प्राणी इतका काळ यूरोपीय निसर्गवैज्ञानिकांच्या दृष्टीआड राहिला. मलायी लोकांना तो अर्थातच पूर्वापार माहीत होता.

टॅपिराचे शरीर मागे गोलसर व पुढे निमुळते असून दाट झुडपांतून डोके खुपसून वाट काढण्यास ते सोयीचे असते. लांबी १·८ ते २·५ मी., खांद्याजवळची उंची सु. १ मी. व वजन १५० ते ३२० किग्रॅ. असते, पर्वतीय टॅपिर सर्वांत लहान व मलायी सर्वांत मोठा. शेपूट नाममात्र असते. पाय आखूड असून पुढच्या पायांना चार व मागच्यांना तीन बोटे असतात. पुढच्या पायाचे चौथे बोट लहान असते व ते केवळ मऊ चिखलात टेकते. त्यामुळे दलदलीत पाय रुतण्यास थोडा अडथळा होतो. दात ४२ ते ४४ असतात. वरच्या जबड्यातील कृंतकांची बाहेरची जोडी सुळ्यांसारखी मोठी झालेली असते आणि खरे सुळे मात्र तिच्यामागे लहान राहतात. अमेरिकी जातींचा रंग तपकिरी वा करडा असतो. सपाट प्रदेशातील टॅपिराच्या मानेवर राठ आयाळ असून तिच्याखालील कातडी जाड असते. पर्वतीय टॅपिराच्या अंगावर लोकरीसारखी दाट लव असते व त्याचे ओठ पांढरे असतात. मलायी टॅपिराचे डोके, खांदे व चारही पाय काळे असून खांद्यामागून पुठ्ठ्यापर्यंतचा भाग झूल घातल्याप्रमाणे पांढरा असतो. प्राणिसंग्रहालयातील उजेडात हा रंग डोळ्यांत भरतो. पण चांदण्यात वनाच्या तुटक सावल्यांमध्ये त्यामुळे आकृतीची सलग रेषाच नाहीशी होते, आणि निजलेला टॅपिर एखाद्या मोठ्या दगडासारखा दिसतो.

नाक व वरचा ओठ एकत्र येऊन त्याची आखूड, लवचिक सोंड बनलेली आहे. तिच्यात हाडाचा आधार नसतो. कवटीतील नासास्थी आखडून मागे सरकलेल्या असल्याने सोंडेच्या स्नायूंना मोकळी जागा मिळते. या सोंडेने टॅपिर पाने ओढतो, फळे चाचपतो, आणि पोहताना तिचे टोक पाण्यावर धरून श्वास घेतो. दृष्टी मंद असली, तरी घ्राणेंद्रिय व कान तीक्ष्ण असतात. ओठ वर मुडपून व सोंड उचलून हवेचा वास घेणारा टॅपिर हसत असल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो दुसऱ्या टॅपिराच्या मूत्राचा गंध तपासत असतो. त्याचा आवाज देहाला न शोभणारा आहे. एवढा अवजड प्राणी पक्ष्यासारखी बारीक, लांबट शीळ घालतो व ती ऐकून नवख्याला पक्ष्याचीच शंका येते. भय वा राग दाखविताना तो जीभ टाळ्याला लावून टकटक आवाज करतो किंवा फुरफुरतो.

टॅपिर मुख्यतः रात्री व संधिकाली हिंडतो. दिवसा तो दाट झाडीत पडून असतो किंवा पाण्यात वा चिखलात बसतो. पाणी ही त्याची मुख्य गरज होय. तो उत्तम पोहतो, बुडी मारून तळावरून चालतही जातो, आणि अनेकदा पाण्यातच मलविसर्जन करतो. शिकारी प्राणी पाठीस लागला की, तो नदीकडेच धावतो. पाणवठा, चरण्याची जागा व विश्रांतीचे ठिकाण यांमधील वाटा तो नेमाने वापरतो. त्यामुळे जंगलात बोगद्यांसारखे मार्ग तयार होतात व इतर प्राणीही त्यांचा उपयोग करतात. खनिजयुक्त मातीच्या चाटणांना, म्हणजे क्षारयुक्त माती चाटण्याच्या ठरावीक जागांना, तो वारंवार भेट देतो. वनस्पतींच्या आहारात सोडियम कमी पडत असल्याने तसे होत असावे. शिकाऱ्याला हे ठाऊक असते व तो चाटणापाशीच दबा धरतो.

अंगावरील गोचिडांचा त्रास चिखलाने पूर्ण जात नाही. पनामातील बारो कोलोराडो बेटावर बेअर्ड टॅपिर उघड्यावर आडवे होऊन रॅकूनच्या कुलातील कोआटी या प्राण्यांना आपल्या अंगावरील गोचिडे वेचू देतात, असे दिसून आले आहे. आपल्याकडे म्हशीच्या पाठीवर मैना जे काम करते तसलेच हे. फरक एवढाच की, येथे दोन्ही पक्ष सस्तन प्राणी आहेत.

आहारात पाने, कोवळे अंकुर, डहाळ्या, जलवनस्पती व फळे यांचा समावेश होतो. घोड्याप्रमाणे टॅपिराचेही जठर साधे असून अन्नाचे किण्वन मोठ्या आतड्यात व त्याच्या आरंभीच्या अंधनालात होते. तो रवंथ करीत नाही. या पद्धतीत पचन काहीसे अपुरे राहते, आणि टॅपिराचे वनातील महत्त्व या अपुरेपणातच आहे. गिळलेल्या अनेक बिया अखंड बाहेर पडतात. ब्राझीलच्या रोराइमा राज्यातील माराका बेटावर आतालेआ मारिपा या ताडाविषयी झालेले निरीक्षण उद्बोधक आहे. या ताडाच्या मातृवृक्षाखाली पडलेल्या बहुतेक बिया भुंगेऱ्यांच्या अळ्या पोखरून टाकतात. टॅपिराने दूरवर, कधीकधी २ किमी. अंतरापर्यंत नेऊन विष्ठेतून टाकलेल्या बिया मात्र पुष्कळ प्रमाणात वाचतात, आणि अशा विष्ठास्थानांवर ताडाचे नवे समूह उगवतात. मोठ्या बियांची फळे अखंड गिळू शकणारे प्राणी अमेरिकेच्या वनांत आता थोडेच उरले आहेत. हिमकालातील प्रचंड शाकाहारी प्राणी गेल्यानंतर त्यांच्या कामाचा काही भाग टॅपिरावर आलेला आहे.

यापुढील गोष्ट अधिक अनपेक्षित आहे. मातो ग्रोसो राज्यात प्रयोगादाखल वारंवार जाळलेल्या वनखंडांचा शेजारच्या अबाधित वनाशी तुलनात्मक अभ्यास करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. टॅपिर जळक्या वनात अधिक वेळ घालवितात व तेथे दर हेक्टरी तिपटीहून अधिक बिया टाकतात, असे त्यातून निघाले. जळल्यानंतर उजेडात फुटणारा कोवळा पाला त्यांना तेथे खेचतो. म्हणजे ज्या जागी बियांची सर्वांत जास्त निकड असते, तेथेच हा प्राणी त्या आपसूक आणून टाकतो. अर्थात, जळलेल्या वनाशेजारी टॅपिरासह जिवंत राहिलेले वन असेल, तरच हे घडते. अँडीजमध्ये पर्वतीय टॅपिरही वृक्षरेषेवरील थंड गवताळ पठारे व खालची मेघवने यांच्यात ये-जा करून बिया पसरवितो.

टॅपिर एकाकी राहतो. नर व मादी यांची क्षेत्रे काही चौ. किमी. असून ती एकमेकांत मिसळलेली असतात. तरीही समोरासमोर भेटी कमी होतात. झाडाझुडपांवर मूत्राचे फवारे उडवून व ठरावीक जागी विष्ठा टाकून शेजाऱ्यांना वार्ता दिली जाते. माजाच्या काळात नर व मादी शीळ घालीत एकमेकांभोवती वर्तुळात फिरतात, परस्परांचे कान व पाय हलकेच चावतात, आणि समागमानंतर बहुधा पुन्हा वेगळे होतात. गर्भावधी सु. १३ महिने असतो. एका वेळी एकच पिल्लू होते. जुळी क्वचितच होतात. पिल्लाचे वजन ५ ते १० किग्रॅ. असते. सर्व जातींची पिल्ले सारखीच दिसतात: गडद तपकिरी अंगावर पांढऱ्या-पिवळसर पट्ट्यांच्या व ठिपक्यांच्या रांगा. काळ्यापांढऱ्या मलायी मातेचे पिल्लूही असेच असते. पहिले काही दिवस माता त्याला झाडीत लपवून चरायला जाते, आणि उन्हाच्या कवडशांत हे पट्टे त्याला जवळजवळ अदृश्य करतात. सहा महिन्यांच्या सुमारास ते पुसट होऊन जातात. पिल्लू मातेबरोबर एक ते दीड वर्ष राहते व वयाच्या तीन-चार वर्षांनंतर प्रजननक्षम होते. आयुष्य २५ ते ३० वर्षांचे असते.

जॅग्वार व प्यूमा हे अमेरिकेतील, तर वाघ हा आशियातील त्याचा मुख्य नैसर्गिक शत्रू होय. मोठ्या नद्यांत मगरी व केमन पिल्लांना धरतात. जॅग्वार मानेवर झेपावला असता टॅपिर घनदाट झाडोऱ्यात वा पाण्यात घुसून त्याला झटकण्याचा प्रयत्न करतो. मानेची जाड कातडी अशा वेळी कामी येते. स्वभावतः भित्रा असला, तरी कोंडीत सापडलेला टॅपिर भयंकर चावतो. १९९८ मध्ये अमेरिकेतील एका प्राणिसंग्रहालयात पिल्लासह असलेल्या मलायी मादीने रक्षिकेचा हातच तोडला होता. ‘गरीब प्राणी’ ही त्याची ख्याती या बाबतीत फसवी आहे.

वनवासी समाजांच्या कल्पनाविश्वात टॅपिराला मोठे स्थान आहे. दक्षिण अमेरिकेतील ग्वारानी लोक आकाशगंगेला ‘टॅपिराची वाट’ म्हणतात. जंगलातील त्याच्या रुळलेल्या वाटा ज्यांनी पाहिल्या, त्यांना ही उपमा सहज सुचावी. जपानी भाषेत दुःस्वप्ने खाणाऱ्या ‘बाकू’ या पौराणिक प्राण्याचे नाव टॅपिराला दिलेले आहे. सुमात्रा व मलायातील मुस्लिम ग्रामस्थ त्याला डुकराच्या जवळचा मानून सहसा खात नसत, त्यामुळे तेथे शिकारीपासून त्याला पुष्कळ काळ संरक्षण मिळाले. शास्त्रदृष्ट्या ही समजूत चुकीची असली, तरी टॅपिराच्या पथ्यावर पडली. अमेरिकेत मात्र त्याचे मांस मोलाचे मानले जाते, आणि एका टॅपिराच्या शिकारीने अनेक कुटुंबांचे पोट भरते.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत मलायी, पर्वतीय व बेअर्ड या तीन जाती संकटग्रस्त, तर सपाट प्रदेशातील जाती असुरक्षित म्हणून नोंदलेल्या आहेत. एल साल्वादोरमधून बेअर्ड टॅपिर नाहीसा झाला आहे. वनांची तोड, पाम तेलाचे मळे व गुरांची कुरणे ही कारणे सर्वांना दिसतात. परंतु वन उभे असूनही टॅपिर का संपतात, हे समजण्यासाठी त्याच्या प्रजननाचा हिशेब पाहावा लागतो. मादी चार वर्षांची होईपर्यंत निष्फळ असते. पुढे १३ महिन्यांचा गर्भावधी व पिल्लाचे संगोपन धरता दोन वर्षांत एकापेक्षा जास्त पिल्लू होणे कठीण. सर्व काही अनुकूल गेले, तरी आयुष्यभरात दहाच्या आसपास पिल्ले, आणि त्यांतून प्रौढ होणारी त्याहून थोडी. डुकरीण एका वेतातच जेवढी पिल्ले देते, तेवढी टॅपिराच्या मादीला देण्यास उभा जन्म लागतो. रानडुकराची शिकार सोसणारे जंगल त्याच प्रमाणातील टॅपिराची शिकार सोसू शकत नाही. वर्षाकाठी थोड्या प्रौढ माद्या जास्त मेल्या, तरी संख्या घटू लागते, आणि प्राणी दीर्घायुषी असल्यामुळे ती घट बरीच वर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही.

रस्त्यांचा धोका याच कारणाने मोठा आहे. ब्राझीलमध्ये पात्रीसिया मेदिसी यांनी १९९६ मध्ये साओ पाउलू राज्यातील मोरो दो द्याबू उद्यानात टॅपिरांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला व २००८ पासून तो पंतनाल या पाणथळ प्रदेशात नेला. गळ्यात रेडिओपट्टे बांधलेल्या टॅपिरांच्या मागावरून असे दिसले की, ते शेतांनी वेढलेल्या वनखंडांमध्ये ये-जा करतात आणि त्या ये-जेत त्यांना महामार्ग ओलांडावे लागतात. रात्री, मंद दृष्टीचा, गडद रंगाचा व जुन्या वाटेवरून निश्चिंतपणे चालणारा हा प्राणी वेगवान मालमोटारीपुढे सापडतो. अशा धडकेत माणसेही दगावतात. मातो ग्रोसो दो सूल राज्यात शेतांलगतच्या टॅपिरांच्या शरीरात पिकांवरील कीटकनाशकांचे अंशही आढळले आहेत. मलेशियातही महामार्गांवर टॅपिर मरतात. तेथे वनांचे तुकडे पडल्यानंतर ते मळ्यांत व वस्त्यांच्या कडेला येऊ लागले आहेत. रस्त्याखालून भुयारी वाटा, कडेने कुंपण व वेगमर्यादा हे उपाय आहेत. रुळलेली वाट टॅपिर सहसा सोडत नाही. म्हणून भुयार त्याच्या वाटेवरच खोदले, तर त्याचा उपयोग होण्याचा संभव अधिक.

गेलेला टॅपिर परत आणण्याचे प्रयत्न थोडेच झाले आहेत. रीओ दे झानेरो राज्यातून तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नाहीसा झाला होता. तेथील अटलांटिक वनाच्या एका संरक्षित भागात २०१७–१८ च्या सुमारास बंदिवासात वाढलेले काही टॅपिर आणून, आधी कुंपणात सरावास ठेवून, मग मोकळे सोडण्यात आले. त्यानंतर तेथे पट्टेदार पिल्लेही जन्मली आहेत. ती संख्येने थोडी आहेत, कारण प्रत्येकासाठी १३ महिने लागतात.